भिंतीवरचा निर्व्यसनी

दुपारचे सव्वादोन झाले आहेत आणि चिंतामणराव देवस्थळी झोपलेले नाहीत. निदान त्यांचं तरी असं म्हणणं आहे. ते दिवाणावर आडवे आहेत, डोळे मिटलेले आहेत, चष्मा छातीवर घसरला आहे; पण झोपलेल्या माणसाला बायकोचे श्वास मोजता येत नाहीत, आणि त्यांना येताहेत. आतल्या खोलीत कुमुद पडली आहे. एक, दोन, तीन. मध्येच तिचा एक श्वास लांबतो, तेव्हा चिंतामणरावांचाही तिथेच अडकतो. तिचा सुटला की यांचा सुटतो. लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाल्यावर इतकी एकरूपता तब्येतीला बरी नव्हे, पण दोन वर्षांत लागलेली सवय आहे, जात नाही.

दोन वर्षांपूर्वी कुमुदच्या दोन्ही किडन्यांनी कुणालाही न विचारता काम सोडलं. तेव्हापासून सांगलीतल्या या तीन खोल्यांत पोटाचं डायलिसिस चालतं. पोटात एक कायमची बारीक नळी. दिवसातून चार वेळा आतलं जुनं पाणी त्या नळीने खालच्या पिशवीत काढायचं, आणि वर हुकाला टांगलेल्या पिशवीतलं दोन लिटर औषधी पाणी आत सोडायचं. पिशव्यांची खोकी दर महिन्याला टेम्पोने येतात. ती पलंगाखाली आहेत, कपाटावर आहेत, देव्हाऱ्याला टेकून आहेत. पाहुणा आला तर त्याला खोक्यावरच बसवतात, आणि बसल्यावर ‘पाणी देऊ का?’ असं विचारलं की तो दचकतो.

हे सगळं चिंतामणराव करतात. मिरजेच्या हॉस्पिटलातल्या ग्लोरिया सिस्टरने त्यांना पंधरा दिवस शिकवलं. पंखा बंद, खिडक्या बंद, दार बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत साबणाने, आणि नळीचं टोक उघडं असताना कशालाही म्हणजे कशालाही शिवायचं नाही. पहिल्या दिवशी हे ऐकताना चिंतामणरावांना हसू फुटलं होतं. कारण हे सगळं त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं. त्यांची आई, माई, हेच करायची. फक्त ती देवासाठी करायची.

माईचं सोवळं मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये प्रसिद्ध होतं. हात धुतले की ती नळ धुवायची, नळ धुतला म्हणून पुन्हा हात. सुनेला तर तिने कधी बोटसुद्धा लागू दिलं नाही. अंगाऱ्याची पुडी द्यायची असली तरी वरून टाकायची. कुमुदने खाली ओंजळ धरायची. पुडी मात्र अशी बांधायची की चारमजली इमारतीवरून टाकली तरी सुटू नये. चिंतामणराव त्या सोवळ्याची टिंगल करत मोठे झाले, टिंगल करतच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आणि अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच सोवळ्यात शिरले. दिवाळीला मुलगा पुण्याहून आला, तर त्याला तीन वेळा हात धुवायला लावून वर ‘आता लांबूनच बोल’ म्हणाले. कुमुद म्हणाली, “माई गेल्या असं मला उगाच वाटत होतं.”

माई जाऊन अकरा वर्षं झाली.

एक... दोन... श्वास जरा गरम येताहेत का? श्वासाचं तापमान बाहेरच्या खोलीतून कळत नाही, चिंतामणराव स्वतःला बजावतात. कूस बदलतात.

काढलेलं पाणी स्वच्छ आहे की नाही, हे रोज बघायचं असतं. गढूळ असेल तर पोटात जंतू गेले. ग्लोरिया सिस्टरने युक्ती सांगितली होती: पिशवीमागे रोजचा पेपर धरा. बारीक अक्षरं वाचता आली तर पाणी ठीक. नाही आली तर पिशवी घेऊन तडक मिरज. लवकर आलात तर औषधाने जातं. उशीर केलात तर नळी काढावी लागते, आणि मग हॉस्पिटलचं मशीन, आठवड्यातून तीनदा, दंडात जाड सुया. कुमुद सुईला घाबरते. तिने पहिल्याच दिवशी नवऱ्याचा हात धरून सांगितलं होतं, “मला मशीनवर टाकू नका हो.” तिने त्रेचाळीस वर्षांत मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली मिक्सर होती.

आता रोज पेपर शोधा, घडी घाला, धरा, हे चिंतामणरावांसारख्या टापटिपीच्या माणसाला गैरसोयीचं वाटलं. त्यांनी वधूवरांच्या जाहिरातींचं एक पान घेतलं, अक्षर सगळ्यांत बारीक म्हणून, आणि हुकाशेजारी भिंतीला चार चिकटपट्ट्यांनी डकवलं. त्यातली मधली जाहिरात सांगलीच्याच एका चौतीस वर्षांच्या निर्व्यसनी मुलाची होती. दोन वर्षं दिवसातून चार वेळा पिशवी त्याच्यापुढे धरली जाते आहे. पलंगावरून कुमुद विचारते, “निर्व्यसनी दिसला का?” चिंतामणराव म्हणतात, “दिसला.” मग ती म्हणते, “बिचाऱ्याचं अजून जमलेलं नाही वाटतं,” आणि दिवस पुढे सरकतो.

काल रात्री तो दिसला. बल्ब मंद होता, पण दिसला. आज सकाळीही. दुपारी एक वाजता कुमुद पोटावर हात ठेवून म्हणाली, “जड वाटतंय हो.” ते म्हणाले, “कालची खिचडी.” आणि पिशवी भिंतीपाशी धरून घडाघडा वाचलं. ती पिशवी मग संडासात ओतायची असते. आज ती त्यांनी तशीच आतल्या स्टुलावर ठेवली आहे. का, ते त्यांना सांगता येणार नाही. आणि गुरुवारी काय झालं तेही त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. गुरुवारी...

बेल वाजते.

ही गुरुवारची बेल आहे, हे चिंतामणरावांना लगेच ओळखू येतं, कारण आज रविवार आहे. ते दार उघडतात. दिवाणावरून उठल्याचं मात्र त्यांना आठवत नाही.

दारात माई उभी आहे. नेसूचं ओलं आहे. पदराच्या टोकाशी पाण्याचा थेंब जमतो, सुटतो, आणि फरशीपर्यंत पोचत नाही. नाकातोंडावर निळा मास्क आहे.

“पंखा बंद कर,” ती म्हणते.

“बंदच आहे.”

“वर बघ.”

पंखा फिरतो आहे. आवाज न करता, संथ, कुणीतरी हाताने ढकलत असल्यासारखा. चिंतामणराव बटण दाबतात. पंखा फिरतच राहतो. पुन्हा दाबतात.

“माई, तू... तू गेलीस ना?”

“गेले की. म्हणून तर बेल वाजवावी लागली. पूर्वी माझ्याकडे किल्ली होती.”

आणि ती आत येते. उंबऱ्याला पाय न लावता. चिंतामणरावांना तिला अडवायचं आहे. मेलेलं माणूस असं दुपारचं घरात आलं की कशासाठी येतं, हे त्यांनी क्वार्टर्समधल्या सगळ्या बायकांकडून ऐकलेलं आहे आणि त्यावर विनोदही पुष्कळ केलेले आहेत. त्यांतला एकही आत्ता आठवत नाही. ती खोक्यांच्या मधून चालते, हे मागे. खोकी छतापर्यंत गेली आहेत. एवढी मागवली नव्हती. बोळ संपत नाही. प्रत्येक खोक्यावर पेशंटचं नाव छापलेलं असतं तसं कुमुदचं नाव आहे, आणि पुढच्या खोक्यावर ते जरा फिकट आहे, त्याच्या पुढच्यावर आणखी फिकट.

“चप्पल काढ,” माई मागे न बघता म्हणते. “स्वयंपाकघर आहे.”

खरंच, क्वार्टर्समधलं स्वयंपाकघर आहे. स्टोव्हचा वास, काळी फरशी, मालगाडी गेली की थरथरणारी फळी. दोन पाट मांडले आहेत, दोन पानं. एका पाटावर कुमुद बसली आहे. लग्नातलं पिवळं नेसली आहे. ती चिंतामणरावांकडे बघत नाही. पानाकडे बघते आहे. पोटातली नळी पदराखालून निघून फरशीवरून सरपटत खिडकीच्या बाहेर गेली आहे.

“ही इथे कशी?”

“जेवायला बोलावलंय.”

आयुष्यात माईने कुमुदला आपल्या पंक्तीला बसवलेलं नाही.

“तिला पथ्य आहे,” ते घाईघाईने म्हणतात. “केळं नाही, नारळ नाही, टोमॅटो नाही. पाणीसुद्धा मोजून.”

“इथे सगळं चालतं,” माई म्हणते.

हे वाक्य ती इतक्या मायेने म्हणते, की चिंतामणरावांना घाम फुटतो. माईच्या हातात वाढायचा डाव आहे. डाव पातेल्यात जातो. वर येतो. कुमुदच्या पानाकडे वळतो. कुमुद हात पुढे करते.

“वाढू नकोस!”

“का रे?”

खूप काही सांगायचं असतं. तोंडातून येतं ते असं: “पाचची पिशवी व्हायचीय. चुकवून चालत नाही.”

“अस्सं,” माई म्हणते. डाव हवेत तसाच. “मग एकची दाखव.”

पिशवी त्यांच्या हातात आहे. पायाखाली घाटाच्या पायऱ्या आहेत आणि समोर कृष्णा आहे, काठोकाठ. ही ती जागा, जिथे चिंतामणरावांनी तीस वर्षं उभं राहून पुराची पातळी वाचली. खांबावर फूट-इंचांचे आकडे रंगवलेले. रेडिओवाले, वर्तमानपत्रवाले, कलेक्टरसाहेब, सगळे त्यांच्या आकड्यावर चालायचे. पावसापाण्यात, छत्री उलटी झालेली असताना, त्यांनी एकदाही अंदाजे लिहिलं नाही. आता त्या खांबावर आकडे नाहीत. तिथे वधूवरांचं पान डकवलं आहे, चार चिकटपट्ट्यांनी.

माई दोन पायऱ्या वर बसली आहे. तिच्या शेजारी पान मांडलेलंच आहे. कुमुद दिसत नाही. तिची नळी तेवढी दिसते, पायऱ्यांवरून उतरून पाण्यात गेलेली, आणि पाण्यातलं कुणीतरी ती हळूहळू ओढतं आहे.

“वाच, चिंत्या.”

चिंतामणराव पिशवी उचलून पानापुढे धरतात. “सांगली. वय चौतीस. निर्व्यसनी, स्वतःचं घर, आईवडील सोबत.”

“पुढे.”

“अपेक्षा, मनमिळाऊ. घरकामाची आवड. नोकरी चालेल. मध्यस्थ क्षमस्व.”

“छान वाचतोस. शाळेत असताना नाही वाचलंस कधी असं. आता डोळे मीट आणि वाच.”

ते मिटतात. “सांगली. वय चौतीस. निर्व्यसनी...” जीभ उतारावरच्या सायकलसारखी सुटते. कुठे अडत नाही. मध्यस्थ क्षमस्वपर्यंत जाऊन पोचते, आणि मग चिंतामणरावांना कळतं की आपण काय केलं. ते डोळे उघडतात.

खांब कोरा आहे. पान माईच्या हातात आहे.

“तू पहिल्यांदा ‘सांगली’ म्हणालास ना,” माई म्हणते, “तेव्हाच काढलं मी.”

पाणी घोट्यापर्यंत येतं. चिंतामणराव हातातल्या पिशवीकडे बघतात. तिच्यातही पूर आहे. तांदळाच्या धुवणासारखा पांढरट, फिरणारा, आणि पलीकडचं काहीच दिसत नाही. नदी नाही, पायऱ्या नाहीत, आई नाही.

“गुरुवारी काय झालं?”

“काही नाही.”

“चिंत्या.”

“बेल वाजली,” ते म्हणतात. त्यांचा आवाज सात वर्षांच्या पोराचा झाला आहे. “दूधवाला. नळीचं टोक उघडं होतं. मी मास्क खाली ओढून ‘आलो’ म्हणून ओरडलो. आणि टोक... माझ्या सदऱ्याला लागलं. बहुतेक.”

“शिवलास?”

“शिवलो.”

“मग?”

“मग पुसलं आणि जोडलं.”

“कुणाला सांगितलंस?”

पाणी पोटऱ्यांपर्यंत. नळी ताणली जाते आहे. ती आता तारेसारखी वाजते.

“ते तिला मशीनवर टाकतील,” चिंतामणराव म्हणतात. “मी शब्द दिलाय.”

“माझं सोवळं मोडलं तर देव रागावेल म्हणायचे,” माई म्हणते. “पुष्कळदा मोडलं. तुला ठाऊक नाही. देव काही बोलला नाही. तुझं मोडलं की काय होतं रे?”

उत्तर त्यांच्या हातात आहे आणि दोन किलो वजनाचं आहे.

“तू तिला न्यायला आलीस,” ते कसंबसं म्हणतात. “मला ने. माई, मला ने त्यापेक्षा.”

“तुझं काय करू? तुला साधी पुडी बांधता येत नाही.” मास्कच्या वर डोळे तेच, झापताना व्हायचे तसे. “मी द्यायला आले होते. पण पान मांडून ठेवलंय, ते खरं. तू असाच पाठ म्हणत बसलास तर संध्याकाळी वाढावं लागेल मला. माझ्या हातात नाही ते.”

ती वधूवरांचं पान मांडीवर घेते. एक घडी, दुसरी घडी, कोन, उलटा कोन, शेपूट आत खोचलं. पुडी. चिंतामणरावांनी ही हालचाल हजार वेळा पाहिली आहे आणि एकदाही जमलेली नाही.

“कुमुदला दे. हातात दे. वरून टाकू नकोस.”

“तूच दे ना.”

माई दोन्ही हात पुढे करते. पंजे पांढरे पडलेले, सुरकुतलेले, दिवसभर धुण्यात असल्यासारखे. बोटांवरून पाणी निथळतं आहे आणि कुठेच पडत नाही.

“अकरा वर्षं धुतेय,” ती म्हणते. “अजून होत नाहीत.”

नळी तुटल्यासारखी टण्णकन वाजते. पाणी छातीशी येतं. कुठेतरी बेल वाजते, वाजतच राहते, आणि चिंतामणराव ‘आलो’ म्हणून ओरडायला तोंड उघडतात आणि या खेपेला दात घट्ट आवळतात.

दिवाण. छत. पंखा बंद आहे. घड्याळात तीनला वीस कमी आहेत. चष्मा खाली पडला आहे. सदरा घामाने अंगाला चिकटला आहे. उजव्या हाताची मूठ आवळलेली आहे आणि ती सोडवायला डाव्या हाताची मदत घ्यावी लागते.

मुठीत पुडी आहे.

चिंतामणराव आतल्या खोलीत जातात. हुकाशेजारची भिंत कोरी आहे. चार कोपऱ्यांत चार चिकटपट्ट्या, प्रत्येकीखाली कागदाचा एकेक तिकोनी तुकडा, आणि मध्ये दोन वर्षं उजेड न लागलेला स्वच्छ चौकोन. ते पुडी सदऱ्याच्या खिशात टाकतात. स्टुलावरची पिशवी उचलतात. खुर्चीवर आजचा पेपर आहे. मुलाने लावून दिलेला, चिंतामणराव ज्याची फक्त घडी घालतात तो. ते तो पिशवीमागे धरतात. बारीक अक्षरं नाहीत. मोठी अक्षरं नाहीत. पहिल्या पानावर चार बोटं उंचीचा मथळा आहे. तिथे एक राखाडी डाग आहे.

कुमुद जागी आहे. गाल लाल झाले आहेत.

“निर्व्यसनी दिसला का?” ती विचारते.

दोन वर्षांत हा प्रश्न अडीच-तीन हजार वेळा आला असेल.

“नाही दिसला,” चिंतामणराव म्हणतात. “काल रात्रीही दिसला नव्हता. मी पाठ म्हणत होतो. आणि गुरुवारी माझा सदरा लागला टोकाला.”

“मला बेल ऐकू आली होती,” कुमुद म्हणते. “तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते.” मग छताकडे बघत, “मीही खिचडीला हो म्हणाले. दोघांनाही मशीनची भीती. आता काय करायचं ते करा.”

चिंतामणराव फोन लावतात. ग्लोरिया सिस्टर रविवारचीही उचलते. पाणी कसं आहे, ताप आहे का, दुखणं कधीपासून, असं तीन वाक्यांत विचारते. चिंतामणराव तीन वाक्यांत खरं सांगतात. “आज फोन केलात ते बरं केलंत काका,” ती म्हणते. “उद्यावर टाकलं असतंत तर मी काही बोलू शकले नसते. पिशवी घेऊन या. आत्ता.” नळी राहील की जाईल, हे ती सांगत नाही. ते विचारतही नाहीत. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या सलीमभाईंना हाक मारतात. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज येतो.

पिशवी दुहेरी कॅरीबॅगमध्ये. फाइल. शाल. कुमुद पलंगाच्या कडेला बसून पायांनी चपला शोधते आहे.

“माई आली होती,” चिंतामणराव म्हणतात.

चपला शोधणारे पाय थांबतात.

“न्यायला?” कुमुद विचारते. आवाज अगदी बारीक.

“द्यायला.”

ते खिशातून पुडी काढतात. आणि कुमुदचे हात आपोआप पुढे येतात. दोन्ही तळवे जोडलेले, खोलगट, खाली धरलेले. वरून पडणारी गोष्ट झेलायला तीस वर्षं शिकलेली ओंजळ. चिंतामणरावांना ती ओंजळ आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसते. ते खाली वाकतात, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतात, तो तापाने भाजतो आहे, आणि पुडी त्याच्या मधोमध ठेवून तिची बोटं एकेक करून मिटवतात.

“वरून टाकू नकोस म्हणाली.”

कुमुद मूठ उघडून घडी बघते, कोन बघते, आत खोचलेलं शेपूट बघते.

“ही तुम्ही नाही बांधलीत.”

“मला कुठे येते?”

बाहेर सलीमभाई हॉर्न वाजवतात. कुमुद पुडी उघडत नाही. अंगठ्याने खोचलेली कड चाचपते, आणि अंगठा उजेडात धरून बघते.

कड अजून ओली आहे.